वालाचा वेल आणि नीलाताईचा अंगठा

१२ ऑक्टोबर, शनि.

वाल गेला. सगळा.

दुकानातली पोळ्यांची पाळी संपवून, पिशवी घेऊन गेले शेंगा काढायला. टाउनच्या सामायिक बागेत शिरले तर माझा वाफा स्वच्छ. सारवून ठेवल्यासारखा. काठ्या उपटून कुंपणाला टेकवलेल्या, वेलाच्या दोऱ्या नीट गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. दोऱ्या गुंडाळल्या, बघा. किती शहाणी माणसं. वेल नाही. एक पान नाही.

वाटलं चुकून दुसऱ्याच्या वाफ्यात आले. पण कोपऱ्यात फुटकी बादली माझीच.

पलीकडच्या वाफ्याची जोअन म्हातारी म्हणाली, सकाळी क्लीनअप होता. नीला अँड टीम. जे जे डेड होतं ते काढलं. मंगळवारी युरोपातले पाहुणे यायचेत ना.

डेड. वाळलेली शेंग म्हणजे डेड! बी काय हिरव्या शेंगेत धरतात?

काडीकचऱ्याच्या ढिगाकडे पळाले. ढीग पण नाही. टाउनचा ट्रक येऊन घेऊन गेला.

कुंपणाशी एक शेंग पडलेली मिळाली. आत दोन दाणे, कच्चे, सुरकुतलेले. हे काही उगवायचे नाहीत.

जेवले नाही. ह्यांनी खिचडी लावली, ती पण करपवली.

१३ ऑक्टो., रवि.

रडू येत नाही. नुसता राग येतो.

आईचा वाल होता. रोह्याचा. आई गेली, भावाने शेतात प्लॉट पाडले. इथे अमेरिकेत श्रूजबरीत पेरला तेव्हा पहिली वर्षं नुसता वाढायचा. डोक्याच्या वर जायचा आणि दिवाळीला फूल. मग एक दिवस थंडी पडली की सकाळी काळा. एका वर्षी एका वेलाला गणपतीत फूल आलं. एकाच. त्याच्याच शेंगा राखल्या. पुढच्या साली त्यातला जो आधी फुलला त्याच्या. असं करत करत इतकी वर्षं. आता कुठे थंडीच्या आत बी हातात यायला लागलं होतं. गावाहून पोतं भरून वाल मागवला तरी तो परत दिवाळीलाच फुलणार. मग आणखी दहा वर्षं. मी काय साठीपर्यंत वेलाकडे बघत बसू?

डब्यात थोडा जुना होता, त्याला भुंगे लागले म्हणून उन्हाळ्यात फेकला. नवा येतोयच म्हटलं.

आणि मी सांगितलं होतं तिला! मला टाइप जमत नाही, चौथी शिकलेली बाई, बोट एकदम दोन अक्षरांवर पडतं. बोलून मेसेज पाठवला होता. "नीलाताई, क्लीनअपला माझ्या वाफ्याला हात लावू नका, वेल वाळलाय पण बी धरलंय." तिने अंगठा पाठवला. अजून आहे फोनवर. वर माझा मेसेज, खाली तिचा अंगठा.

स्नेहा म्हणाली, "आई, तू तिला वाटीभर बी दिलं होतंस ना, युरोपसाठी? जस्ट आस्क हर."

दिलं होतं. दोन वर्षांमागे. पोर्तुगालला गेलं, कसल्या मिश्रणात घातलं कोण जाणे. आता तिच्यापुढे हात पसरू? माझंच बी माझंच मागू?

नाही मागायची. तिला दाखवीन.

१७ ऑक्टो., गुरु.

आज गाठली. पाहुणे होते म्हणून दोन दिवस थांबले होते, नाहीतर तेव्हाच.

ही नीलाताई म्हणजे पुण्याची. इथल्या युनिव्हर्सिटीत पिकांवर शिकवायची, आता रिटायर. युरोपात पाच-सहा देशांतले शेतकरी आणि प्रोफेसर मिळून काम करतात, त्यांच्यात ही. औषधं मारायची नाहीत, एका रानात एकच पीक घ्यायचं नाही, जुनी जुनी बियाणी जमवून मिसळून पेरायची. ते तिकडे पेरतात तेच ही इथे आमच्या बागेत सहा वाफ्यांत पेरते आणि काय झालं ते त्यांना कळवते. एवढंच उरलंय तिला. पण चालते अशी की बाग हिच्या सासऱ्याची.

म्हणाली, "अगं मंदा, सॉरी गं. मला वाटलं संपलं तुझं."

"मी सांगितलं होतं की."

"कधी?"

"फोनवर. अंगठा दिलात तुम्ही."

"अय्या, व्हॉइस होता का? अगं व्हॉइस ऐकायला मला वेळच होत नाही. लिहून पाठवत जा ना."

लिहून पाठवत जा.

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मनातच म्हणाले.

पाहुण्यांतली एक तेरेझा अजून होती. पोर्तुगालची शेतकरीण. हात माझ्यासारखे, नखांत माती. माझ्या रिकाम्या वाफ्याकडे बोट करून तिने काही विचारलं. नी. तिला म्हणाली, "रेस्टिंग."

वाफा आराम करतोय म्हणे. तुला करवते आराम.

२ नोव्हेंबर, शनि.

मंडळाची दिवाळी. मी आणि दुकानातल्या दोघी किचनमध्ये, अनारसे आणि तीनशे माणसांचा मसालेभात. बाहेर नी.चं भाषण. पडद्यावर फोटो, युरोपातली शेतं, गहू आणि वाटाणा एकत्र, सगळं सुंदर. म्हणते कशी, "प्रत्येक बी ही एक आठवण असते. एक जात गेली की एक घर जातं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर काकू तर डोळे पुसत होत्या.

मी झारा घेऊनच निघाले होते माइककडे. ह्यांनी पदर धरला. "मंदे, भात लागेल खाली."

भात होता म्हणून वाचली ती.

२१ नोव्हें., गुरु.

आज एक शोध लागला.

स्ने. म्हणाली, मेसेज ऐकला की तिथला छोटा माइक निळा होतो. नी.ला पाठवलेले माझे सगळे मेसेज बघितले. एक निळा नाही. दोन वर्षांतला एकही नाही! सगळ्यांना अंगठा मात्र आहे. मी तिला तिचा डबा राहिलाय सांगितलं, अंगठा. ह्यांचं ऑपरेशन सांगितलं, अंगठा. सासूबाई गेल्या ते सांगितलं. हात जोडलेले तरी पाठवायचेस बाई. अंगठा.

परीक्षा घेतली. फोन तोंडाजवळ धरून म्हटलं, "नीलाताई, तुमच्या घराला आग लागलीय, लवकर या."

थोड्या वेळाने अंगठा.

इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. महिन्यात पहिल्यांदा.

८ डिसें., रवि.

बर्फ. फावड्याने ढकलून ढकलून कंबर गेली. आत आले, चहा केला, आणि नी.ला मेसेज.

"नीलाताई, तुमच्या इडल्या दगड होवोत. तुमचं पुरण सैल पडो. तुमच्या टोमॅटोला बुरशी लागो. तुमचा जावई कायमचा राहायला येवो."

अंगठा नाही, लाल बदाम आला!

शिव्या पण अहो-जाहो करूनच देते. वयाने मोठी आहे.

ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, "आणि ऐकलं तर?" म्हटलं, ऐकणारी असती तर माझा वाल वाचला असता.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. सगळ्यांना गोड बोलून झालं. नी.ला पाठवला, "तिळगूळ घ्या आणि दात पडोत. तुमची सून मराठी शिको आणि तुम्ही फोनवर तिच्याबद्दल काय बोलता ते तिला कळो. वालाच्या बिरड्यावाचून माझी जीभ जशी कोरडी गेली तशी तुमची जावो."

हात जोडलेले आले. खाली पतंग.

रोज नाही पाठवत. जमेल तसं. पोळ्या लाटताना सुचतं. दुकानातली सरला म्हणते, तू हल्ली एकटीच हसतेस, डॉक्टरला दाखव.

पण एक आहे. शिवी देऊन मोकळं वाटतं ते संध्याकाळपर्यंत. मग परत तो सारवलेला वाफा दिसतो. तिला काही होत नाही ना. तिला कळतच नाही. कळल्याशिवाय कसली शिक्षा?

१९ एप्रिल, शनि.

बागेची मीटिंग. नी.ने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "ही आमची मंदा. रोज येते बिचारी."

मेथी, भेंडी, माठ एवढंच लावायचं ठरवलं यंदा. काठ्या आणल्याच नाहीत.

२४ मे, शनि.

नी.चे सहा वाफे पेरून झाले. एकेक पाटी. पहिल्यात नुसता सातू, पुढच्यात नुसता वाटाणा, मग दोन दोन मिसळून, असं करत सहाव्यात सगळंच. त्यात तिकडचा कसला घेवडा पण आहे. तो आजच उगवला. कान वर काढल्यासारखा.

माझा वाफा नळाला लागून, हिचा सहावा माझ्या शेजारी. रोज बघावं लागतं.

१५ जून, रवि.

देवाने दिलं. आपणहून माझ्या ओट्यावर आणून ठेवलं.

नी.चा लिहिलेला मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत. स्ने.ने वाचून दाखवला. ती पोर्तुगालला चालली, तेरेझाकडे सगळ्यांची मीटिंग आहे, दोन आठवडे. "मंदा, माझ्या सहाही वाफ्यांना रोज संध्याकाळी पाणी घालशील? यंदाचं फार महत्त्वाचं आहे. इथलं नीट आलं तर पुढेही ते आपल्याला ग्रुपमध्ये ठेवतील, नाहीतर अमेरिकेचं बंद करणार म्हणतात. तूच एक रोज येतेस. प्लीज."

स्ने.ने विचारलं, "काय लिहू?"

म्हटलं, दे इकडे, मीच पाठवते.

अंगठा पाठवला.

२० जून, शुक्र.

ती गेली. आज पहिली संध्याकाळ. माझ्या मेथीला पाणी घातलं, भेंडीला घातलं, माठाला घातलं. नळ बंद. पाइप गुंडाळला. तिच्यासारखाच, नीट.

ह्यांनी गाडीत विचारलं, "तिच्या वाफ्यांचं काय?"

"काय त्यांचं?"

"अगं घाल पाणी. पाप लागेल."

"लागू दे. धुऊन काढीन."

"कशाने? पाणीच घालायचं नाही म्हणतेस."

हे कधी नाही ते विनोद करतात आणि नको तेव्हा करतात.

२६ जून, गुरु.

ऊन असं की रोहा बरं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं.

सातू पिवळा पडला. वाटाण्याची पानं कागद. रोज जाते, माझ्या वाफ्यात पाइप धरून उभी राहते आणि त्यांच्याकडे बघते. मान वळवून नाही, सरळ. बघायचंच आहे मला. माझा वाल उपटताना मला बघायला मिळालं नव्हतं.

जोअन विचारत होती, नीलाचे बेड्स ड्राय दिसतात? म्हटलं, सायन्स आहे. ती "ओह" म्हणून गेली. सायन्स म्हटलं की इथे कोणी पुढे विचारत नाही.

३ जुलै, गुरु.

पाच वाफे गेले. हातात धरलं की चुरा.

सहाव्यातला घेवडा मात्र अजून धडपडतोय. त्याने सुतळी सोडून माझ्या भेंडीचं खोड धरलंय. माझ्याच भेंडीला येऊन लोंबतोय मेला! सोडवायला गेले तर शेंडा नखाएवढा, ओला.

त्याला काय माहीत तो कुणाचा.

पाइप तिकडे वळवला. त्या एकाच वाफ्यावर. भरपूर घातलं, आळं भरेपर्यंत. परवा घातलं होतं, त्याच्या आधी पण. हे इथे लिहिते, बाकी कुणाला बोलले नाही. ह्यांना तर नाहीच, लगेच देवळात नारळ फोडतील.

५ जुलै, शनि.

पोळीवरून हात काढून फोन बघितला आणि तव्यावरची पोळी तशीच राहिली.

निळे.

नी.ला पाठवलेले सगळे मेसेज निळे. ऑक्टोबरपासूनचे. वर सरकवत गेले, निळे, निळे, निळे. आग निळी. जावई निळा. दात निळे.

स्ने. म्हणाली, "ओ माय गॉड, आई." मग खुर्चीवर बसून हसायलाच लागली. हिला हसायला काय जातंय.

सगळं ऐकलं तिने. आणि अंगठा नाही, बदाम नाही, काहीच नाही.

पहिल्यांदा वाटलं फोन फेकावा. मग म्हटलं, बरंच झालं. कळावं असंच वाटत होतं ना? कळलं. आता ये परत आणि वाफे पण बघ.

सुनेचं तेवढं बोलायला नको होतं. सून चांगली आहे तिची.

९ जुलै, बुध.

आली.

दुकानात गर्दी होती, पोळ्यांच्या लाइनीत उभी राहिली सगळ्यांबरोबर. चेहरा उन्हाने काळवंडलेला. काउंटरला आली तर सरला कुठे गायब झाली, मीच समोर.

"दहा पोळ्या दे."

बांधायला घेतल्या.

"ऐकले गं मी. विमान लेट होतं, एअरपोर्टवर बसून सगळे ऐकले. माझ्या आजेसासूला पण एवढं येत नव्हतं."

मी कागद घट्ट दुमडला.

"घराला आग लागली, त्याला मी अंगठा दिला होता?"

"दिला होतात."

"आणि जावयाचं?"

"त्याला बदाम."

"तो खरंच आलाय राहायला. मार्चपासून. त्याची नोकरी गेली." हसली का काय केलं कळलं नाही. मागचा माणूस घड्याळ बघत होता.

मग आवाज खाली करून म्हणाली, "पहिला दोनदा ऐकला. क्लीनअपचा." पुढे काहीतरी बोलणार होती. पिशवी उचलली. "तेरेझाकडे आहे तुझा वाल. कुंपणाला चढवलाय तिने, पाहून आले मी. बाकीच्या शेंगांत मिसळलाय, निवडावा लागेल."

निवडायचं मला काय सांगतेस, जन्म गेला निवडण्यात. हे मनात.

दारापर्यंत गेली आणि वळली. "येताना बागेवरूनच आले. पाच गेले. सहावा हिरवागार आहे." मग, "म्हणजे नळाला पाणी होतं."

गेली.

भांडली असती तर चाललं असतं. माझी तयारी होती. नऊ महिन्यांची.

१२ जुलै, शनि.

काय म्हणून गेली ती? वाल आहे म्हणाली. आणते म्हणाली नाही, मागवते म्हणाली नाही. "आहे." म्हणजे आता माझी दोरी तिच्या हातात आणि मी भेंडीला लोंबते.

नुसता तो सहावा मेला असता तर मला म्हणता आलं असतं, विसरले, आजारी होते, पाइप फुटला. एक हिरवा ठेवून मीच सही केल्यासारखं झालं.

आणि मी मागणार नाही. तिने पाणी विचारायचं नाही, मी वाल विचारायचा नाही. बघू कोण आधी.

२ ऑगस्ट, शनि.

नी. आली आणि पाचही वाफे स्वतः उपटले. कुणाला हाक मारली नाही. गुडघा दुखतो तिचा, एक हात मांडीवर ठेवून वाकते. मी माझी भेंडी तोडत होते. दोन हातांवर.

जोअनला सांगत होती, मला ऐकू येईल असं मुद्दाम सांगत होती का माहीत नाही. यंदाचं इथलं ते लोक धरणार नाहीत. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते हिवाळ्यात ठरवतील.

झालं मनासारखं. घरी येऊन भरली भेंडी केली, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सहाव्याचा घेवडा तिने भेंडीवरून सोडवला नाही. राहू दिला.

२७ ऑगस्ट, बुध.

गणपती. नैवेद्याला बिरडं नाही. हे दुकानातून वालाचं पाकीट घेऊन आले, हळूच ओट्यावर ठेवलं. भिजवले, मोड आणले, सोलले, केलं. खोबरं, गूळ, कोकम सगळं. चव नाही. पांढरे वाल ते, कडूपणाच नाही. आईच्या वालाचा आधी कडू घास लागतो आणि मग गोड. देवाला म्हटलं, खा, मी पण खाते.

संध्याकाळी मंडळाच्या आरतीला नी. शेजारी येऊन उभी राहिली. जागा दुसरीकडे होती. ती बोलली नाही, मी बोलले नाही. टाळ्या तेवढ्या एकदम पडत होत्या.

मोदक वाढताना तिला एक जास्त गेला. चुकून.

२१ सप्टें., रवि.

नी.कडून फोटो. शब्द नाही, नुसता फोटो. उन्हात चादर पसरलेली, तिच्यावर वाळलेल्या शेंगांचा ढीग. पुढे एक हात, नखांत माती. तेरेझाचा. हातात दाणे.

बोटांनी मोठा करून बघितला. लाल आहेत, ठिपक्यांचे आहेत, काळे आहेत. आणि मधेच तीन-चार तांबूस, पांढऱ्या तुऱ्याचे.

माझे. कुठेही ओळखीन.

स्ने. म्हणाली, "आई, से थँक यू ॲट लीस्ट."

"कशाला? दिलंय का अजून? फोटोचं बिरडं करू?"

"यू आर इम्पॉसिबल."

असू दे. पण एक डोक्यात आलं ते जाईना. तिकडे म्हणे नोव्हेंबरपर्यंत ऊन. घाई करायची सवय मी लावली होती त्याला, ती राहिली असेल का? का तीन वर्षं आरामात खाऊन पिऊन परत दिवाळीचा झाला असेल? हे नी.ला विचारता आलं असतं. तिला हेच कळतं. पण विचारायचं म्हणजे आधी मी.

फोटोला काही पाठवलं नाही. तीन वेळा बघितला.

११ ऑक्टो., शनि.

क्लीनअप होता. मुद्दाम उशिरा गेले, म्हटलं जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे.

माझ्या वाफ्याला कोणी हात लावलेला नाही. सगळ्या बागेत तेवढा एकच उभा, भिकाऱ्यासारखा. बियांची भेंडी वाळून खडखडतेय, तिच्यावर तो घेवडा, तो पण वाळलेला, शेंगांसकट. काठीला पाटी. काय लिहिलंय ते जोअनने वाचून दाखवलं, "नॉट डेड. डू नॉट टच." खाली मराठीत पण लिहिलंय, ते मला वाचता आलं. "मेलेलं नाही. हात लावू नये."

नी.चं अक्षर.

ती स्वतः नव्हती. जोअन म्हणाली, तिच्या घरी युरोपातून पार्सल आलंय, सरकारी तपासणी होऊन, शिक्के मारून. "बीन्स, आय थिंक."

मी भेंडीच्या शेंगा तोडत राहिले.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळी फोन वाजला. नी.चा मेसेज. लिहिलेला नाही. बोललेला! तिने आयुष्यात पहिल्यांदा. आणि छोटा नाही, चहा उकळून गाळून पिऊन होईल एवढा.

"ये, घेऊन जा," म्हणायला एवढा वेळ लागत नाही. मग काय असेल? माझ्या शिव्या एकेक करून परत केल्या असतील. तिचा पण हक्क आहे. किंवा आधी पाण्याचं कबूल कर म्हणेल, मग वाल. किंवा म्हणेल, आला गं तुझा वाल, मी तो उकडून खाल्ला. खाल्ला असेल तर मी तिला... काय करायचं राहिलंय आता माझ्याकडून?

किंवा नुसतं सॉरी असेल. ते सगळ्यात वाईट. मग मी काय म्हणू?

ऐकला की तिकडे माइक निळा होणार. म्हणजे ती आत्ता फोन हातात घेऊन बसली असणार, जावयाच्या शेजारी सोफ्यावर. बसू दे. मी एक वर्ष बसले.

स्ने. म्हणाली, "मग निदान थम्ब्स अप पाठव, आई. शी'ल नो यू गॉट इट." आणि माझ्या फोनवर तिचा हात गेला पण. फटका मारला हातावर. ओरडली. ओरडू दे. न ऐकता अंगठा नाही. खोटा अंगठा मी एकदा दिलाय, पुरे.

हे गॅरेजमध्ये गेले आणि वालाच्या काठ्या पुसून दाराशी उभ्या करून आले. दोऱ्या तशाच आहेत, तिने गुंडाळलेल्या. पेरायला अजून सगळा हिवाळा आहे, मी काही सांगितलेलं नाही, ह्यांना कोणी सांगितलं?

फोन डाळीच्या डब्याला टेकवून समोर उभा ठेवलाय. पोळ्या झाल्या की ऐकते.

कणीक आज जरा जास्तच भिजवली आहे.